जिलेबीची वही

“या सह्या खोट्या आहेत,” मी तहसीलदारांच्या टेबलावर हात आपटून म्हणालो. “आमच्या गावात ग्रामसभा झालीच नाही. या माणसानं घरात बसून सह्या ठोकल्यात.”

हा माणूस म्हणजे आमचा सरपंच, उत्तमराव. माझ्या डाव्या हाताला खुर्चीत आरामात बसला होता. त्याच्यामागे आमचे ग्रामसेवक चिंचकर भाऊसाहेब, ग्रामपंचायतीचं रजिस्टर छातीशी धरून. आणि माझ्यामागे, दारापासून पार व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत, हिवरदऱ्याची शंभर-सव्वाशे माणसं. दोन ट्रॅक्टर भरून मी आणली होती. त्या दिवशी मी गावाचा पुढारी होतो. पिठाची गिरणी चालवणारा माणिक देवकुळे, बी. ए. झालेला, चार अक्षरं इंग्रजीही येणारा. सगळे म्हणाले, माणिक बोलेल. आणि मी बोलत होतो. आवाज नुसता तापला होता.

तापायला कारणही तसंच होतं. गावाच्या वरच्या अंगाला आमचं गायरान. त्याच्या कडेला भिवाईचा झरा. चैत्र-वैशाखात गावातल्या विहिरी तळ दाखवायच्या, तेव्हा अख्खं गाव त्या झऱ्यावर जगायचं. दिवाळी उलटली आणि एका सकाळी गायरानात पोकलेन येऊन उभं राहिलं. चार दिवसांत खडी क्रशर बसला. पाचव्या दिवशी पहिला सुरुंग उडाला तेव्हा माझ्या गिरणीच्या पत्र्यावरून भुसा खाली सांडला. पंधरा दिवसांत झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. आम्ही क्रशरवाल्याला अडवायला गेलो तर त्यानं शांतपणे खिशातून कागद काढला. म्हणाला, तुमच्या ग्रामसभेचा ठराव आहे, तुम्हीच दिलाय, मी काय चोरून आलोय का.

म्हणून आम्ही तालुक्याला आलो होतो.

सगळ्यात पुढं, माझ्या खांद्याला खांदा लावून तानाई उभी होती. तानूबाई बिरू हुलवान. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गायरानाला लागून तिची वस्ती, बावीस शेरडं आणि झऱ्याचं पाणी, एवढाच तिचा संसार. गायरान गेलं की शेरडं गेली, झरा गेला की वस्ती गेली. आम्हा बाकीच्यांचं उन्हाळ्याचं पाणी जाणार होतं. तिचं सगळंच जाणार होतं.

तहसीलदार मॅडम तरुण होत्या. माझा आरडाओरडा त्यांनी पुरता ऐकून घेतला. मग विचारलं, “सरपंच, तुमचं काय म्हणणं?”

उत्तमराव उठलाही नाही. “मॅडम, सह्या खोट्या कशानं? माणसं इथंच हायत. रजिस्टर दाखवा आणि इचारा एकेकाला.”

हे तो अगदी सहज बोलला. पण रागाच्या भरात मी तिकडं लक्ष दिलं नाही. “दाखवा की,” मी म्हणालो. “आम्हाला काय भीती?”

चिंचकर भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. मॅडमनी ते फिरवून माझ्याकडं केलं. तानाईनं माझ्या बाहीला धरलं.

“माणिक,” ती म्हणाली, “काय लिवलंय, वाच. मोठ्यानं वाच, मागच्यास्नी ऐकू येऊ दे.”

मी वाचायला लागलो. शाळेत प्रतिज्ञा म्हणायला मलाच पुढं उभं करत, आवाज खणखणीत होता माझा. “दिनांक पंधरा ऑगस्ट. मौजे हिवरदरा येथील ग्रामसभा सकाळी दहा वाजता भैरवनाथ मंदिराच्या सभामंडपात भरली. उपस्थिती एकशे बारा. गायरान क्षेत्रापैकी पाच एकर जागा दगडखाण व खडी क्रशरकरिता देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.”

मागं शिव्यांचा कल्लोळ उठला. मी हात वर करून गप्प केलं आणि शेजारच्या पानाकडं वळलो. आता नावं वाचायची होती. एक, उत्तमराव. दोन, त्याचा भाऊ. तीन, चार, पाच. प्रत्येक नावाला मागून कुणीतरी म्हणत होतं, “मी नव्हतो, मी नव्हतो.” मला जोर चढत होता. पस्तीस. छत्तीस.

सदतिसावर माझं नाव होतं.

सही माझीच होती. ‘म’ची गाठ मी जशी मारतो तशीच मारलेली. सहीच्या शेजारी कागदावर एक पिवळसर, तेलकट डाग होता. आणि खाली, अडतिसाव्या ओळीत, निळ्या शाईतला एक अंगठा. त्या अंगठ्यापुढं माझ्या वळणदार अक्षरात तानाईचं नाव लिहिलेलं होतं.

मी वाचायचा थांबलो. तो डाग कसला, ते मला कळलं होतं. जिलेबीच्या पाकाचा.

पंधरा ऑगस्टला आमच्याकडं झेंडावंदन आठ वाजता. कदम मास्तर निवृत्त झाले तरी भाषण त्यांचंच. त्या वर्षीही ते हुतात्म्यांवर पाऊण तास बोलले, पोरं उन्हात चक्कर येऊन पडेपर्यंत. मग ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रांग. टेबलाच्या एका टोकाला वही, दुसऱ्या टोकाला जिलेबीचे पुडे. वहीत सही करायची आणि पुडा घ्यायचा. कैक वर्षांची पद्धत ती. आम्ही त्या वहीला जिलेबीची वहीच म्हणायचो. कुणी दोनदा पुडा नेऊ नये म्हणून सही, असं माझ्या वडलांनी मला सांगितलं होतं आणि मी बायकोला सांगितलं होतं. पानाच्या माथ्यावर ‘ग्रामसभा उपस्थिती’ असं दरवर्षी लिहिलेलं असायचं. माझ्या डोळ्यांनी मी ते दरवर्षी बघत होतो. पण दहा वाजताच्या ग्रामसभेला कोण थांबतंय? पुडा मिळाला की ज्याची त्याची पांगापांग. आपला देश स्वतंत्र झाला, झेंडा वर गेला, तोंड गोड झालं, आणखी काय राहिलं?

थांबायची एकटी तानाई. देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून बसायची. गिरणीत तिच्यावर चेष्टा चालायची. पंतप्रधान आले का गं तानाई सभेला, असं मीच एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, “झेंड्याचा दिस हा गरिबानं इचारायचा दिस असतोय. बाकीच्या दिवशी कोण हुबं करतंय आपल्याला?” आम्ही हसलो होतो.

त्या दिवशी रांगेत मी तिच्या मागं होतो. नवी पद्धत निघाली होती, की अंगठेवाल्यांचंही नाव नीट लिहायचं आणि शेजारी ओळखणाऱ्यानं सही करायची. चिंचकर भाऊसाहेबांनी माझी सही आधी घेतली, मग शाईचा डबा तिच्यापुढं सरकवला. तानाईनं मूठ मिटली.

“वर काय लिवलंय?”

“अगं, दरसालचंच. लाव.”

“ह्या टायमाला पान भरून लिवलंय. दरसाली एक वळ असती.”

तिला वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. पानभर मजकूर होता, हे मला दिसलं नाही आणि तिला दिसलं. मागं रांग खोळंबली. कुणीतरी ओरडलं, “म्हातारे, आटप की.” चिंचकर भाऊसाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, “माणिकराव, सांगा तुम्ही तिला. तुमचं ऐकेल.”

दहा वाजता भारनियमनानं वीज जायची होती. गिरणीत सात जणांची दळणं पडली होती. माझ्या हातात पुडा आला होता, एक जिलेबी तोंडात होती, बोटं चिकट झाली होती.

“काय न्हाई तानाई,” मी म्हणालो. “हजेरी हाय नुसती.”

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. “तू वाचलंस?”

“वाचलं.”

तिनं मूठ उघडली, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. चिंचकर भाऊसाहेबांनी पेन माझ्या हातात दिलं. मी अंगठ्यापुढं तिचं नाव लिहिलं, शेजारी ओळखणार म्हणून माझी सही केली, आणि गिरणीकडं पळालो. तानाई पुडा न घेता देवळाकडं गेली. तिला गायरानातल्या गुरांच्या हौदाबद्दल विचारायचं होतं, ते मला नंतर कळलं.

“का थांबलात?” मॅडम विचारत होत्या.

“वाच की,” तानाई म्हणाली.

खोटं कशाला सांगू, तेव्हाही माझ्या मनात आलं, की ही ओळ गाळून थेट एकोणचाळिसावर जावं. तिला काय कळणार होतं? मी खरोखरच म्हणालो, “एकोणचाळीस.”

“सदतीस-अडतीस राहिलं,” टेबलाच्या कडेला बसलेला कारकून म्हणाला. त्यानं चष्मा सारखा केला आणि रजिस्टर स्वतःकडं ओढलं. “सदतीस, माणिक रामचंद्र देवकुळे. अडतीस, तानूबाई बिरू हुलवान, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. ओळखणार, माणिक रामचंद्र देवकुळे.”

उत्तमराव छताकडं बघत होता. त्याला हसायचीही गरज वाटली नाही.

तानाईनं माझी बाही सोडली.

“तू म्हणलास, हजेरी हाय नुसती.”

“मला तसंच वाटलं, तानाई.”

“वाटलं?” ती हळू बोलत होती. तिनं शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तर मला बरं वाटलं असतं. “मला वाचाया येत न्हाई म्हनून मी तुला इचारलं. तुला येत हुतं का न्हवतं?”

“येत होतं.”

“मग?”



मॅडमनी रजिस्टर मिटलं. त्या म्हणाल्या, “सह्या खोट्या नाहीत, हे तर दिसतंय. सभेला मात्र तुम्ही नव्हता, असं तुमचं म्हणणं. तुमच्या गावाला कोरम शंभराचा. इथं एकशे बारा आहेत. यातल्या तेरा जणांनी लेखी जबाब द्या, की आम्ही सभेला हजर नव्हतो आणि तरीही सही केली. कोरम मोडेल, मग ठराव उचलता येईल मला. आज कार्यालय सुटेपर्यंत द्या. उद्या हा अहवाल वर जातोय.”

“तेराच?” मी म्हणालो. बाहेर शंभर माणसं होती. माझा जीव भांड्यात पडला.

तानाई पुढं झाली. “माझा जबाब घ्या, बाई. पण मी न्हवते असं न्हाई म्हननार. मी हुते. देवळात बारापतोर बसले हुते. मी आणि पंचायतीचा शिपाई. तो झोपला हुता. दुसरं कुत्रं सुदीक आलं न्हाई. सभा झालीच न्हाई.”

मॅडम म्हणाल्या, “आजी, तुमचा जबाब मी घेते. पण तुम्ही एकट्या सांगता सभा झाली नाही. आणि हे एकशे अकरा लोक सही करून सांगतायत, झाली.”

मी पहिला जबाब लिहिला. सभेला नव्हतो, मजकूर न वाचता सही केली, वाचल्याचं खोटं सांगून तानूबाईंचा अंगठा घेतला. मग कोऱ्या कागदांची चळत घेऊन व्हरांड्यात आलो. म्हटलं, चला, एकेकानं या.

एक ट्रॅक्टर निघून गेला होता.

उरलेल्यांतले जे पुढं उभे राहून दोन तास घोषणा देत होते, ते आता चपला शोधत होते. एकाचं घरकुल मंजूर व्हायचं होतं आणि यादी उत्तमरावाच्या हातात होती. एकाचा मुलगा नुकताच सोसायटीत चिकटला होता. एक जण म्हणाला, “माणिक, आपणच खोटी सही केली म्हणून आपणच लिहून द्यायचं? उद्या आपल्यावरच केस झाली म्हंजे?” दोन भाऊ होते, त्यांनी लिहून दिलं. माझ्या बायकोच्या बचत गटातल्या पाच बायकांनी दिलं, त्यातल्या एकीनं नवरा डोळे वटारत असताना दिलं. आणखी तिघं आले. दुपारी चार वाजता माझ्याकडं माझा धरून अकरा कागद होते.

मी कदम मास्तरांना फाटकापाशी गाठलं. ते छत्री बगलेत मारून निघाले होते.

“मास्तर, दोन कमी पडतायत. तुम्ही द्या. तुमचं बघून आणखी एक देईल.”

“माणिक, तू समजून घे,” मास्तर म्हणाले. “मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. सरकारी कागदावर मी खोटी सही केली, असं माझ्या हातानं कसं लिहून देऊ? पेन्शनचा प्रश्न आहे.”

“मग हुतात्म्यांवर पाऊण तास कशाला बोलता?” मी ओरडलो. कचेरीतली माणसं बाहेर आली. “त्यांनी जीव दिले, त्याचं तुम्ही दरवर्षी रसभरीत सांगता. तुम्हाला दोन ओळी द्यायला होत नाहीत?”

मास्तरांचं तोंड उतरलं. पण त्यांनी छत्री उघडली आणि चालायला लागले. मी त्यांच्या पाठीला आणखी वाईट बोललो. ते इथं सांगत नाही.

तेव्हा उत्तमराव बाहेर आला. गाडीचं दार उघडून माझ्याकडं वळला. “कशाला त्यांच्यावर चिडतोस?” तो म्हणाला. “मी कुणाचा हात धरला हुता का? पान भरून लिवलं हुतं, तुमच्या म्होरं ठेवलं हुतं. तुमाला जिलेबी पायजे हुती.”

मी त्याच्या अंगावर धावलो. दोघा-तिघांनी मला धरलं. मला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो का आला हेही मला कळत होतं. तो चोर होता, लबाड होता, गाव विकून बसला होता, आणि तो जे बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

कार्यालय सुटलं. अकराच राहिले.

परतीच्या ट्रॅक्टरमध्ये तानाई बसली नाही. ती एस.टी.नं आली आणि फाट्यापासून वस्तीवर चालत गेली.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. क्रशर साडेचार वर्षं चालला. मग दगड संपला, की दुसरीकडं स्वस्त मिळाला, कोण जाणे, एका रात्रीत सगळं गुंडाळून गेले. गायरानाच्या जागी खड्डा आहे. झरा दुसऱ्याच उन्हाळ्यात आटला. आता मार्चपासून टँकर येतो आणि त्यावर हंड्यांची मारामारी होते. त्यात कदम मास्तरांची सूनही असते. तानाईनं शेरडं विकली. आठ-दहा ठेवलीत, कुणाकुणाच्या बांधानं चारते.

त्या दिवसापासून ती माझ्या गिरणीत आली नाही. पलीकडच्या गावी जाते दळायला, डोक्यावर बाजरी घेऊन, चार किलोमीटर जाऊन, चार किलोमीटर येऊन. माझ्या गिरणीसमोरूनच जाते. सुरुवातीला मी बाहेर येऊन उभा राहायचो. ती थांबायची नाही.

पंधरा ऑगस्टला पुडे अजून वाटतात. सरपंच दोन-तीन झाले, पद्धत तीच राहिली. फरक एवढाच, की रांग सुरू व्हायच्या आधी मी टेबलापाशी जाऊन उभा राहतो आणि पानावर जे काही असेल ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचतो. पहिल्या वर्षी चिंचकर भाऊसाहेबांनी वही ओढून घ्यायचा प्रयत्न केला होता. मी त्यांचं मनगट धरलं. नंतर कुणी केला नाही. लोक कंटाळतात. “आटप रे माणिक, जिलेब्या गार झाल्या,” असं मागून ओरडतात. पूर्वी म्हातारीवर ओरडायचे, आता माझ्यावर ओरडतात. मी वाचतो.

तानाई आता ऐंशीच्या घरात आहे. काठी टेकत येते आणि सगळ्यांच्या आधी येते. माझ्या अगदी समोर उभी राहते, पण माझ्याकडं बघत नाही, वहीकडं बघते. माझं वाचून झालं की म्हणते, “परत वाच.”

मी परत वाचतो. ती मान खाली घालून ऐकते. मग रांगेत तिच्या मागं जो कुणी असेल त्याच्याकडं वळते, हातात पुडा असला तर काठीनं तो बाजूला सारते, आणि विचारते, “ह्यानं बरूबर वाचलं का?”

तो हसतो, म्हणतो, “वाचलं की तानाई.”

“तू बघितलंस?” ती विचारते. आणि तो वहीत डोकं घालून शेवटची ओळ वाचेपर्यंत ती तिथून हलत नाही.